केळी-सल्ल्याच्या जुन्या एचटीएमएल पानांची सफाई : रेजेक्स कुठे लावायचा आणि कुठे थांबायचे

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या एका केळी उत्पादक गटाच्या वेबसाइटवर अनेक हंगामांचा सल्ला साठला होता. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांची वेगवेगळी खतांची वेळापत्रके, पानांवरच्या करपा रोगाचा बंदोबस्त, थंडीतली काळजी, ठिबकमधून द्यायच्या विद्राव्य खतांचे तक्ते असा हा मजकूर. तो साध्या रूपात काढून शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवायचा आणि शोधता येईल अशा एका तक्त्यातही ठेवायचा, असे काम ठरले. डेटाबेसमध्ये सगळे एचटीएमएलच्या तुकड्यांत होते. काही वर्डमधून चिकटवलेले, काही मोबाइलवर टाइप केलेले, आणि सर्वांत जुने युनिकोड (प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या फॉन्टमधले.

पहिली सफाई नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे रेजेक्सने (मजकुरातली ठरावीक रचना शोधून बदलणाऱ्या नमुन्यांनी) झाली. एका नमुन्याने सगळे टॅग (‘<’ आणि ‘>’ यांमधल्या मांडणीच्या खुणा) काढले, दुसऱ्याने ‘न दिसणारी’ सगळी चिन्हे काढली, तिसऱ्याने एकापेक्षा जास्त मोकळ्या जागा एक केल्या. वरवर पाहता मजकूर स्वच्छ दिसत होता. ओळ न् ओळ वाचल्यावर जे सापडले त्याचे नमुने असे (टॅगांची नावे फाइलीत रोमनमध्ये असतात, येथे देवनागरीत दिली आहेत):

मूळ: <टीडी>10</टीडी><टीडी>10</टीडी>
सफाईनंतर: 1010

मूळ: तापमान 45<सुप>0</सुप> से. च्या वर गेल्यास
सफाईनंतर: तापमान 450 से. च्या वर गेल्यास

मूळ: सातपुड्याच्या दर्‍यांतून येणारे वारे
सफाईनंतर: सातपुड्याच्या दर्यांतून येणारे वारे

पहिल्या उदाहरणात एक रकाना औषधाच्या मिलिलिटरचा आणि दुसरा पाण्याच्या लिटरचा आहे. असा आकडा जोडून गेला तर फटका थेट बागेला बसतो. दुसऱ्यात अंशाचे चिन्ह म्हणून वर टाकलेले शून्य आकड्याला चिकटले. तिसऱ्यात डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. तीन चुकांची तीन वेगळी कारणे आहेत, आणि एकाच नमुन्यात आणखी चिन्हे घालून त्यांपैकी एकही सुटत नाही.

आधी मोजणी

काहीही काढण्यापूर्वी फाइलीत नेमकी कोणती चिन्हे आहेत याची यादी करावी. पायथॉनमध्ये हे चार-पाच ओळींचे काम आहे: सगळा मजकूर एकत्र करून प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, नाव आणि किती वेळा आले ते छापायचे. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१, म्हणजे १२८ जागांचा. या पट्ट्याबाहेरचे आणि साध्या रोमन कळफलकाबाहेरचे जे काही दिसेल ते एकेक करून तपासायचे. या प्रकरणात ही चिन्हे महत्त्वाची ठरली:

&#160; न तुटणारी जागा. वर्डमधून आलेल्या मजकुरात आकडा आणि एकक यांच्यामध्ये.
&#173; सॉफ्ट हायफन. ओळ तुटली तरच दिसतो.
&#8203; शून्य रुंदीची जागा.
&#8204; नॉन-जॉइनर. अक्षरे जोडू नयेत असे सांगतो.
&#8205; जॉइनर. अक्षराचे जोडणारे (अर्धे) रूप मागतो.
&#65279; फाइलीच्या सुरुवातीची खूण. फाइली जोडताना ती मधेच राहून जाते.

डोळ्यांना या सहांपैकी पाच दिसतच नाहीत आणि सहावी साध्या जागेसारखी दिसते. म्हणूनच त्यांना एकाच टोपलीत टाकून उडवून देण्याचा मोह होतो. मराठीत तो महागात पडतो.

मोजणीच्या वेळीच एन्कोडिंगही, म्हणजे चिन्हे बाइटमध्ये कशी साठवली आहेत तेही, पक्के करावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यांतले पहिले दोन बाइट २२४, १६४ किंवा २२४, १६५ असे असतात. ‘ठ’ हे अक्षर २२४, १६४, १६० असे साठते. न तुटणारी जागा १९४, १६० अशी. रेजेक्स बाइटच्या पातळीवर चालत असेल, म्हणजे पीएचपीमध्ये नमुन्याला ‘यू’ हा ध्वज (नमुना कसा चालवायचा ते सांगणारी खूण) लावलेला नसेल, आणि चौकटी कंसात न तुटणारी जागा टाकून ती काढायला सांगितली, तर इंजिन १९४ आणि १६० हे दोन सुटे बाइट शोधते. १६० सापडतो ‘ठ’ मध्ये. मग ‘साठी’, ‘पाठ’, ‘गाठ’ अशा प्रत्येक शब्दात चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येते. सल्ल्याच्या मजकुरात ‘साठी’ नाही असा परिच्छेद क्वचितच सापडेल. उपाय सोपा आहे: फाइल वाचताना ती यूटीएफ-८ म्हणून उलगडायची, आणि नमुने बाइटवर न चालवता अक्षरांवर चालवायचे.

टॅग काढणे

सर्वांना माहीत असलेला नमुना असा:

<.*>

हा अधाशी आहे. ओळीतल्या पहिल्या ‘<’ पासून शेवटच्या ‘>’ पर्यंत सगळे गिळतो, मधला मजकूरही. म्हणून पुढची पायरी:

<[^>]*>

हा बराच चांगला, पण गुणधर्माच्या अवतरणात ‘>’ आले की तिथेच थांबतो आणि उरलेला अर्धा टॅग मजकुरात सोडतो. अवतरणे ओळखणारा नमुना असा लिहिता येतो:

<(?:"[^"]*"|'[^']*'|[^'">])*>

यातले तीन पर्याय पहिल्याच चिन्हावरून वेगळे होतात, त्यामुळे इंजिनाला एकाच तुकड्याच्या अनेक विभागण्या करून पाहाव्या लागत नाहीत. याउलट पुढचा नमुना दिसायला छोटा असला तरी घातक आहे:

<([^>]+)*>

आत ‘+’ आणि बाहेर ‘*’. टॅग नीट बंद झालेला असेल तर काही बिघडत नाही. पण डेटाबेसमधल्या काही जुन्या रकान्यांना लांबीची मर्यादा होती, आणि त्यांतला मजकूर टॅगच्या मधेच कापला गेला होता. ‘<’ नंतर ३० चिन्हे आहेत आणि ‘>’ कुठेच नाही, अशा वेळी त्या ३० चिन्हांचे गट पाडण्याचे २ चा २९ वा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२ मार्ग होतात. पायथॉनचे नेहमीचे रेजेक्स इंजिन मागे फिरून एकेक मार्ग तपासत बसते. संगणक अडकल्यासारखा दिसतो, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. पायथॉन ३.११ पासून मागे न फिरणारे गट लिहिता येतात, पण मुळात असा दुहेरी गुणक न लिहिणे जास्त सोपे. कापलेल्या शेपटीसाठी वेगळा नमुना ठेवावा:

<[^<>]*$

आणि तो चालवण्यापूर्वी त्याला काय काय सापडते ते छापून पाहावे, कारण शेवटच्या वाक्यातले ‘पेक्षा कमी’ हे चिन्हही त्यात येऊ शकते.

एवढे करूनही टॅग काढण्याचे मुख्य काम रेजेक्सकडे देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एचटीएमएलमध्ये एकात एक खोके असते. बाहेरचा <डिव> कुठे संपतो हे कळायला आतले किती उघडले आणि किती बंद झाले याची मोजणी लागते, आणि नेहमीचा रेजेक्स ती करत नाही. या पानांत प्रत्येक सल्ल्याखाली ‘हेही वाचा’ असा एक <डिव> होता. तो उडवण्यासाठी ‘उघडणाऱ्या खुणेपासून पहिल्या बंद खुणेपर्यंत’ असा नमुना लावला की आतला छोटा <डिव> बंद होतो तिथेच नमुना थांबतो, आणि जुन्या सल्ल्यांची अर्धी यादी नव्या सल्ल्याला चिकटून राहते. पार्सर (एचटीएमएलची रचना वाचणारा प्रोग्राम) हे झाडासारखे वाचतो आणि पूर्ण फांदी उचलून देतो. पायथॉनमध्ये ब्यूटिफुल सूप किंवा एलएक्सएमएल यांपैकी काहीही चालेल. वर्डमधून आलेल्या <स्टाइल> खोक्यांचेही तेच. नुसते टॅग काढले की आतली फॉन्टची आणि समासांची नियमावली मजकूर म्हणून वर येते. ते खोके आतल्या ऐवजासह जायला हवे.

वर्डच्या टिपणी-खुणा मात्र रेजेक्सने नीट जातात, कारण त्यांच्यात एकात एक अशी रचना नसते:

<!--.*?-->

येथे एकच काळजी: टिंबाला ओळबदलही धरायला सांगणारा ध्वज लावावा लागतो. तो नसेल तर अनेक ओळींची टिपणी तशीच राहते.

टॅगच्या जागी काय ठेवायचे

पहिल्या दोन चुका इथल्या आहेत. टॅग तीन जातींचे धरावेत.

परिच्छेद, यादीतला मुद्दा, तक्त्याची ओळ, <बीआर>: यांच्या जागी ओळबदल. तक्त्याचा रकाना: त्याच्या जागी टॅब किंवा उभी रेघ, जेणेकरून 10 आणि 10 वेगळे राहतील. ठळक, तिरपे, रंगीत, <स्पॅन>, <फॉन्ट>: यांच्या जागी काहीच नाही.

तिसऱ्या जातीबद्दल थोडे थांबायला हवे. ‘शब्द चिकटू नयेत म्हणून प्रत्येक टॅगच्या जागी एक मोकळी जागा’ हा सल्ला रोमन लिपीच्या मजकुराला बऱ्यापैकी चालतो. मराठीत वर्ड आणि काही मोबाइल संपादक शब्दाच्या मधेच <स्पॅन> उघडतात, कधी अक्षर आणि त्याची मात्रा यांच्यामध्येसुद्धा. तिथे जागा घातली की ‘केळी’ चे ‘के ळी’ होते. मात्रा एकटी पडली तर ती गोल ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. शोधयंत्राला मग ‘केळी’ सापडत नाही, आणि केळीच्या सल्ल्यात केळीच न सापडणे म्हणजे तक्ता वाया जाणे.

<सुप> आणि <सब> यांना चौथी जात म्हणून वेगळे काढावे, आणि तेही बाकीचे टॅग काढण्याआधी. या फाइलीत <सुप> दोन कारणांसाठी वापरलेला होता: अंशासाठी वर टाकलेले शून्य (कधी 0, कधी ०, कधी रोमन ‘ओ’), आणि चौरस मीटरसाठी वरचा 2. आकड्यानंतरचा <सुप> आणि त्यात एकटे शून्य सापडले तर ‘°’ हे चिन्ह ठेवायचे. नमुन्याचा गाभा असा:

([0-9०-९])<सुप>[0०]</सुप>

बदली म्हणून पहिला गट आणि त्यापुढे °. रोमन ‘ओ’ असलेली उदाहरणे वेगळी काढून पाहायची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्याच्या सल्ल्यात हा एक नमुना किती ठिकाणी लागतो ते फाइल उघडल्यावर कळते.

आकड्यांसाठी चौकटी कंसात दोन्ही लिप्यांचे अंक लिहिले आहेत, ते मुद्दाम. एकाच परिच्छेदात ‘१० लिटर’ आणि ‘10 मिली’ असे दोन्ही येते. अंकांचे जे संक्षिप्त चिन्ह रेजेक्समध्ये असते ते पायथॉन ३ मध्ये देवनागरी अंकही धरते, जावास्क्रिप्टमध्ये फक्त 0 ते 9. सर्व्हरवर चाललेला नमुना ब्राउझरमध्ये का चालत नाही, याचे हे नेहमीचे कारण.

क्रम: टॅग आधी, एन्टिटी नंतर

पुढचे वाक्य थंडीच्या सल्ल्यातल्यासारखे आहे:

किमान तापमान &#60; 10 अंश असल्यास रात्री पाणी द्यावे. आर्द्रता &#62; 90 टक्के असल्यास करप्यावर लक्ष ठेवावे.

कोणी आधी एन्टिटी (&#60; अशा क्रमांकाने लिहिलेली चिन्हे) उलगडल्या आणि मग टॅग काढले तर ‘<’ पासून ‘>’ पर्यंतचा सगळा भाग टॅग समजून जातो. उरते:

किमान तापमान 90 टक्के असल्यास करप्यावर लक्ष ठेवावे.

हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे. कोणतीही यांत्रिक तपासणी त्याला पकडणार नाही, आणि म्हणूनच हा क्रम चुकणे सर्वांत धोक्याचे. आधी टॅग, मग एन्टिटी. मूळ मजकुरात उघडे ‘<’ असेल तर एचटीएमएलचा नियम मदतीला येतो: टॅग सुरू होण्यासाठी ‘<’ ला लागूनच रोमन अक्षर, तिरकी रेघ, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह लागते. पुढे मोकळी जागा किंवा आकडा असेल तर ते साधे चिन्ह आहे. चांगला पार्सर हे पाळतो. रेजेक्सच वापरायचा झाला तर निदान एवढी अट घालावी:

<(?![ =0-9०-९])[^>]*>

एन्टिटी उलगडण्यासाठी स्वतःचा नमुना लिहू नये. &#([0-9]+); असा नमुना आणि त्या क्रमांकाचे चिन्ह ठेवणे, हे वरवर पुरेसे वाटते. पण १२८ ते १५९ हे क्रमांक जुन्या विंडोजच्या तक्त्याप्रमाणे वापरलेले असतात. &#146; म्हणजे अवतरणाचा शेवटचा स्वल्प, &#150; म्हणजे लहान रेघ. क्रमांक सरळ युनिकोडमध्ये नेला तर तिथे अदृश्य नियंत्रण-चिन्हे बसतात, आणि ‘३&#150;४ दिवसांनी’ याचे डोळ्यांना ‘३४ दिवसांनी’ होते. पायथॉनच्या प्रमाण संग्रहातली एचटीएमएल एन्टिटी उलगडणारी सोय ३.४ पासून आहे आणि ती हा तक्ता बरोबर पाळते.

दोनदा झाकलेल्या एन्टिटीही सापडतात. &#38;#160; एकदा उलगडले की &#160; उरते, दुसऱ्यांदा उलगडले की जागा. बदल होणे थांबेपर्यंत उलगडावे, पण तीनपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या तर तो तुकडा बाजूला काढून हाताने पाहावा. पूर्ण पानच झाकलेल्या रूपात चिकटवलेले असेल, तर उलगडल्यावर खरे टॅग पुन्हा वर येतात. असे तुकडे ओळखून पहिल्यापासून वेगळे चालवावेत.

जॉइनर, र आणि सातपुड्याच्या दऱ्या

आता तिसरी चूक. मराठीत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला सापडतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह (क्रमांक २३५३), मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर जॉइनर (८२०५), मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ ची स्वतंत्र कळ आहे. काही फोनेटिक साधने जॉइनरचा मार्ग घेतात. अनेकांनी टाइप केलेल्या फाइलीत दोन्ही मिसळून असतात, आणि ‘शेतकऱ्यांना’ शोधले तर अर्धेच सापडतात.

जॉइनर पुसला की र, हलन्त, य उरते आणि फॉन्ट त्याचा रफार करतो: शेतकर्यांना, दर्यांतून, बर्हाणपूर. शेजारच्या बऱ्हाणपूरच्या बाजाराचे नाव रोजच्या भावात येते, त्यामुळे ही चूक रोज दिसत राहते. अहिराणीत लिहिलेल्या सूचनांत तर ती वाक्यावाक्याला असते, कारण ‘करी ऱ्हायना’, ‘चाली ऱ्हायनं’ यांतली साहाय्यक क्रियापदे ऱ्हपासूनच सुरू होतात.

म्हणून जॉइनर पुसायच्या आधी त्याचे काम ‘ऱ’ कडे सोपवायचे. नमुना:

र्‍(?=[यह])

बदली: ऱ आणि हलन्त. कंसातली पुढे पाहणारी अट य आणि ह यांना हात लावत नाही, फक्त ते आहेत याची खात्री करते. या एका ओळीने दोन्ही लेखनपद्धती एक होतात.

एसएमएससाठी याचा सरळ फायदा आहे. देवनागरी संदेशात एका एसएमएसला ७० चिन्हे मिळतात. ७१ वे आले की संदेश दोन भागांत जातो आणि मग प्रत्येक भागाला ६७. पुढचा संदेश पाहा:

शेतकऱ्यांनी करप्याची पाने कापून बागेबाहेर न्यावीत, फवारणी सकाळी करावी.

मात्रा, हलन्त, अनुस्वार, जागा, स्वल्पविराम सगळे धरून हा बरोबर ७० चिन्हांचा आहे. ‘शेतकऱ्यांनी’ मध्ये जॉइनरचे रूप असते तर ७१ झाले असते, आणि तोच संदेश दुप्पट खर्चात गेला असता. शेवटी एक न दिसणारी &#8203; राहिली तरी तेच.

उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर अजून पुसायचे नाहीत. हलन्तानंतर आलेले असतील तर लिहिणाऱ्याने बहुधा मुद्दाम ठेवलेले असतात: जोडाक्षराचे अर्धे रूप दाखवायला, किंवा ‘श्रीमान्’ सारख्या शब्दात पाय मोडलेला दिसावा म्हणून. हलन्त नसताना देवनागरीत त्यांना काही काम नसते. म्हणून मागे पाहणारी अट:

(?<!्)

आणि तिच्यापुढे ८२०४, ८२०५ यांचा चौकटी कंस. एवढ्यावरही मोबाइलवरून आलेल्या मजकुरात अडचण येते, कारण काही इमोजी जॉइनरने जोडलेले असतात. शेतकऱ्याचे इमोजी म्हणजे माणूस, जॉइनर आणि भाताची पेंडी. जॉइनर गेला की माणूस एकीकडे आणि पेंडी दुसरीकडे. या प्रकरणात इमोजी आधीच वेगळ्या यादीने काढले, कारण एसएमएसमध्ये एका साध्या इमोजीचीही दोन चिन्हे मोजली जातात. ते ठेवायचे असतील तर अट अशी करावी की जॉइनरच्या आधीचे चिन्ह देवनागरी पट्ट्यातलेच असले पाहिजे.

&#8203;, &#173; आणि &#65279; मात्र निर्धास्तपणे काढता येतात. &#160; च्या जागी साधी जागा ठेवायची. काढून टाकायची नाही, नाहीतर ‘10 मिली’ चे ‘10मिली’ होते. जागांसाठीचे संक्षिप्त चिन्ह पायथॉन ३ मध्ये &#160; ला जागा मानते, &#8203; ला मानत नाही, त्यामुळे तिचे नाव वेगळे घ्यावेच लागते.

प्रमाणीकरण: एनएफसी, एनएफकेसी नाही

युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका रूपात आणणे, करताना त्याच्या प्रकारांपैकी एनएफसी निवडावे. र आणि खालचा नुक्ता असे तोडून लिहिलेले रूप त्याने एकत्र ‘ऱ’ होते. एनएफकेसी जास्त ‘स्वच्छ’ करते म्हणून काही जण ते लावतात. त्यात ‘½’ चे १, तिरकी रेघ, २ असे तीन तुकडे होतात. ‘2½ किलो’ लिहिलेले असेल तर ‘21⁄2 किलो’ दिसते, म्हणजे अडीचचे साडेदहा. ‘मी²’ चे ‘मी2’ होते. खतांच्या मात्रा असलेल्या मजकुरावर एनएफकेसी लावू नये.

‘ॲ’ चा प्रश्न एनएफसीनेही सुटत नाही. ‘ॲसिड’ मधला ‘ॲ’ एकच चिन्ह (२४१८) असतो किंवा अ आणि चंद्र (२३०९, २३७३) अशी जोडी. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन वेगळी लेखने आहेत. जोडी शोधून एक चिन्ह ठेवणारी साधी बदली लिहावी.

विद्राव्य खतांच्या श्रेणी जपाव्या लागतात: 19:19:19, 12:61:00, 00:52:34, 13:00:45. ‘सुरुवातीची शून्ये काढा’, ‘लागोपाठचे सारखे चिन्ह एक करा’ असे नमुने दुसऱ्या कामातून उचलून आणले की ‘00’ चे ‘0’ होते आणि दुकानात त्या नावाचे पोते सापडत नाही. आकडा, अपूर्णविराम, आकडा अशी रचना दिसली की तिथे कोणतीही बदली थांबवावी.

शब्दांच्या सीमा

सफाईनंतर काही शब्दांचे लेखन एकसारखे करायचे होते. शब्दसीमेचे जे संक्षिप्त चिन्ह रेजेक्समध्ये असते ते मराठीत फसवते. पायथॉनचे नेहमीचे इंजिन मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. त्याला ‘केळी’ मध्ये क आणि ळ असे दोन शब्द दिसतात. ‘खत’ हा पूर्ण शब्द शोधायला सांगितले तर ‘खताची’ मधलाही ‘खत’ सापडतो, कारण त याच्यानंतरचा काना त्याला सीमा वाटतो. त्याऐवजी सीमा स्वतः लिहावी:

(?<![ऀ-ॿ])खत(?![ऀ-ॿ])

चौकटी कंसात देवनागरी पट्ट्याची दोन टोके आहेत. संपादकात पहिले चिन्ह कंसावर चढलेले दिसते, त्यामुळे कोडमध्ये ते क्रमांकाने लिहिणे बरे.

जुन्या फॉन्टची पाने

ही पाने सर्वांत आधी बाजूला काढायची. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी योगेश अशा फॉन्टमधला मजकूर फाइलीत रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे म्हणूनच असतो. तो मराठी दिसतो तो फक्त फॉन्टमुळे. तो कोणत्या फॉन्टचा आहे हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे <फॉन्ट> टॅगमधले नाव. टॅग काढला की ती खूण गेली, आणि कोणता परिवर्तक लावायचा हे ठरवणे अंदाजाचे काम झाले. शिवाय कृतिदेवमध्ये ‘<’ म्हणजे ढ आणि ‘>’ म्हणजे झ. अशा मजकुरावर टॅग काढणारा नमुना चालवला तर ढ पासून झ पर्यंतची वाक्ये जातात. म्हणून पार्सरने <फॉन्ट> टॅगमधले नाव वाचून तेवढा तुकडा त्या फॉन्टच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा आणि मगच बाकीच्या रांगेत सोडायचा. एकाच परिच्छेदात दोन फॉन्ट असतात, म्हणून नाव पानाचे न धरता तुकड्याचे धरावे.

शेवटी बसलेली रांग

मूळ तक्त्याची प्रत वेगळी. यूटीएफ-८ वाचन आणि चिन्हांची मोजणी. जुन्या फॉन्टचे तुकडे परिवर्तनाला. टिपण्या, <स्टाइल>, <स्क्रिप्ट> आतल्या ऐवजासह बाहेर. <सुप> आणि <सब> चा निर्णय. रकान्यांना टॅब, खोक्यांना ओळबदल, बाकी टॅग पार्सरने नाहीसे. एन्टिटी. एनएफसी. ‘ऱ’ आणि ‘ॲ’. अदृश्य चिन्हे. सर्वांत शेवटी मोकळ्या जागा, आणि त्यातही आडव्या जागा व ओळबदल वेगवेगळे, नाहीतर तक्त्याच्या ओळी पुन्हा एकमेकींना चिकटतात.

तपासणीसाठी दोन यंत्रे ठेवली. एक म्हणजे आकड्यांचा ताळा: मूळ तुकड्यातून पार्सरने काढलेले सगळे आकडे आणि स्वच्छ मजकुरातले आकडे त्याच क्रमाने जुळले पाहिजेत. <सुप> मुळे अंशात बदललेली शून्ये तेवढी वगळायची. 10, 10 चे 1010 झाले की ताळा तिथल्या तिथे अडतो. दुसरे म्हणजे नमुना-ओळींची फाइल, ज्यात वरची सगळी उदाहरणे आणि त्यांची अपेक्षित उत्तरे आहेत. रेजेक्समध्ये एक चिन्ह जरी बदलले तरी ती फाइल आधी चालवायची, मग तक्ता.

हलन्तानंतरचे जे थोडे जॉइनर उरले त्यांची शब्दांसह यादी छापून मराठी आणि अहिराणी दोन्ही वाचणाऱ्या माणसाकडे दिली. जो शब्द त्याने नक्की केला त्याची बदली पूर्ण शब्द धरून लिहिली, आणि ज्यावर खूण केली नाही तो जसाच्या तसा ठेवला.